चार कौलांचं ऊन

माजघरात पाय टाकल्या टाकल्या मनीषानं कॅमेरा खांद्यावर घेतला, व्ह्यूफाइंडरच्या रबराला डोळा लावला आणि तिला हायसं वाटलं. आत सगळं दिसत होतं. जातं दिसत होतं, जात्याच्या खुंट्याला बांधलेलं हळकुंड दिसत होतं, भोवती बसलेल्या पाच सवाष्णींची तोंडं दिसत होती. रंग नव्हताच, या खिडकीत रंग कधी येतच नाही. पण राखाडी, धुरकट का होईना, दिसत होतं.

आणि मग तिनं डोळा रबरावरून काढला. गेल्या साली याच माजघरात तिला असंच हायसं वाटलं होतं.

गेल्या साली म्हणजे सत्त्याण्णवात, याच घरातल्या थोरल्या लेकीच्या, भाग्यश्रीच्या हळदीला. गाव गिरणाऱ्याच्या पुढं, हरसूलच्या रस्त्यावर. मनीषा तेव्हा नवी होती. हॅलोजन लावला तशा बायका पदर डोळ्यांवर घेऊन ओरडल्या, "अगं बाई, डोळं जळत्यात! बंद कर ती बत्ती." परक्याच्या घरी भीड पडते. तिनं बत्ती बंद केली. आत अंधार झाला. चाचपडताना व्ह्यूफाइंडरच्या कडेचं एक बारकं गोल बटन बोटाला लागलं. फिरवलं तसं चित्र उजळत गेलं, पहाट व्हावी तसं.

"येतंय का गं?" बायकांनी विचारलं होतं.

"लय छान येतंय!"

भाग्यश्रीच्या सासरी सगळं घर टीव्हीपुढं बसलं, तेव्हा तासभर नुसता काळोख चालला. काळोखातून बांगड्या वाजत होत्या, गाणी येत होती, मधेच कुणी खोकत होतं. तेव्हापासून पंचक्रोशीत मनीषाचं नाव पडलं, काळ्या कॅसेटवाली.

ती कॅमेरा घेऊन रविवार कारंज्याजवळच्या रंगनाथकाकांकडे गेली. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी कॅमेरा उलटापालटा करून पाहिला आणि हसले. "याला काही झालेलं नाही, पोरी. हे बटन कॅसेटसाठी नाही, तुझ्या डोळ्यासाठी आहे. आरसा कितीही लख्ख पुसला म्हणून तोंडाची काजळी जाते का? तू अंधार घालवला नाहीस. तो फक्त तुला दिसेनासा केलास."

मग त्यांनी तिला रीत शिकवली. लेन्सला झाकण लाव. आतलं काळं नीट काळं दिसेपर्यंत बटन फिरव. खिडकीच्या कोपऱ्यात वेळ-तारखेची अक्षरं येतात, ती मात्र पांढरी राहिली पाहिजेत. तिथं थांब. त्या जागी त्यांनी सुनेची नेलपॉलिश आणून लाल ठिपका दिला. "अंधारात बोटं शिवशिवतील," ते म्हणाले, "फिरवू नकोस."

तिचा नवरा चंदर रागावला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. मखमलाबादला त्याचा शेवंतीचा मळा; कॅमेरा त्यानंच हौसेनं घेतलेला, पण हात बसला तो मनीषाचा. "आणखी एक कॅसेट काळी आली," तो म्हणाला होता, "तर सिन्नरवाल्याला कॅमेरा देऊन टाकू. माणूस विचारतोय केव्हाचा." कॅमेरा गेला की तिनं परत पहाटे उठून फुलांच्या पाट्या भरायच्या. पाट्यांचं काही वाईट नव्हतं. पण एक डोळा मिटून दुसऱ्यानं जग बघायची तिला चटक लागली होती.

धाकटी तेजस्विनी उद्या बोहल्यावर चढणार होती, आणि आजच्या हळदीला बोलावणं पुन्हा मनीषालाच. भाग्यश्रीची आजी, सखुबाई, हट्टाला पेटली होती. प्रेमानं नव्हे. "जात्यावर घाणा भरताना पुरुषमाणूस माजघरात येणार नाय," ती म्हणाली होती. "बाईच पायजे. अन् कॅमेऱ्यावाली बाई मुलखात ही एकच हाय, काय करता!"

मनीषानं लेन्सवर झाकण लावलं. आत आता काजळासारखं काळं दिसायला हवं होतं. दिसत होती चुलीतली राख. तिनं बटन चाचपलं. जीपच्या धक्क्यांनी ते फिरलं होतं, लाल ठिपका नखभर खाली राहिला होता. तिनं ते ठिपक्यावर आणलं, झाकण काढलं, आणि पाचही सवाष्णी बुडाल्या. उरली दाराची फट आणि कुणाच्या तरी नथीतला एक मोती.

हॅलोजनचा उपयोग नव्हता. गावची डीपी कालपासून जळालेली, वीजच नाही. कॅमेरा बॅटरीवर चालेल, पण उजेड कुठून आणायचा?

"करू का सुरू?" जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून मंगलाबाई म्हणाली. ही नवरीची काकू, आवाज असा की शेजारच्या वस्तीवर जावा. "साडेदहाच्या आत घाणा भरायचाय."

बोट बटनावर होतं. एवढंसं फिरवलं की पुन्हा सगळं दिसलं असतं. बायकाही खूश, ती पण खूश, उद्याचं उद्या. मनीषानं बोट काढून घेतलं.

"काकू, मला काहीच दिसत नाही."

मंगलाबाईनं खुंट्यावरचा हात काढला.

"आँ? गेल्या साली तर लय छान येतंय म्हणालीस!"

"गेल्या साली खोटं दिसत होतं. यंदा खरं दिसतंय, म्हणून काही दिसत नाही."

नवरी फिस्सकन हसली. मंगलाबाईनं कपाळावर हात मारला. "घ्या! वर्षभर शिकून आली अन् आंधळी होऊन आली!"

कंदील आणला. त्याचा उजेड कंदिलापुरताच. कुणी म्हणालं, जातं अंगणात न्या. तशी भिंतीकडून आवाज आला, "देवापुढं मांडलेलं जातं हलवायचं नाय." सखुबाई तिथं कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. कपाळ मोकळं, म्हणून घाण्याला तिचा हात लागायचा नाही. पण गाणी सगळी तिच्याच तोंडात, ती सांगणार आणि सवाष्णी उचलणार. तिनं मनीषाकडे रोखून पाहिलं.

"तुला काय पायजे? ऊन?"

"हो, आजी."

"मग रडती कशाला? ऊन बाहेर लोळतंय की." आणि तिनं हाक दिली, "भिमाऽ! वर चढ. जात्याच्या डोक्यावरची चार कौलं सरकव."

भिमाजी तिचा लेक, नवरीचा बाप. त्याच्या पावलांनी वर आढं कुरकुरलं, माती झरली, बायकांनी जात्यावर पदर धरले.

"खाली बघायचं नाय हां, भाऊजी!" मंगलाबाई ओरडली.

"मी डोळं मिटलेत, वहिनी! पडलो तर तुम्हीच झेला!"

"झेलायला उखळ ठेवलंय!"

पहिलं कौल सरकलं, दुसरं सरकलं. चौथ्याला उन्हाचा खांब सरळ जात्यापुढं येऊन उभा राहिला. बायका "अगं बाई!" म्हणून मागं सरल्या. मनीषानं डोळा लावला. खांब दिसत होता, पांढराफेक. पण बायकांची तोंडं होती तशीच अंधारात, उलट जास्तच. ऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडत होतं आणि जमीन ते पिऊन टाकत होती.

आता मात्र तिला रडू येईल असं वाटलं. उजेड आला होता आणि कुणाच्या तोंडावर जात नव्हता. तिनं स्वतःचा तळहात त्या खांबात धरून पाहिला. तळहात उजळला, आणि शेजारच्या मंगलाबाईच्या हनुवटीवर पुसटसा उजेड हलला. तिनं हात काढला, उजेड गेला. परत धरला, परत आला.

"पांढरं कापड आहे का कुणाकडे? मोठं?"

"नवरदेवाचं धोतर हाय," नवरी पटकन म्हणाली आणि लाजली.

"आहेराचं धोतर जमिनीवर?" मंगलाबाईनं डोळे मोठे केले.

"अंथरा," सखुबाई म्हणाली. "हळदीचंच घर हाय. पिवळं झालं तर शकुन."

घडी मोडली. करकरीत पांढरं धोतर उन्हाखाली पसरलं आणि उजेड पाण्यासारखा वर उसळला. जात्यावर चढला, खुंट्यावरच्या हिरव्या चुड्यांवर चढला, एकेका तोंडावर बसला. मनीषानं बटन पाहिलं. ठिपका जागच्या जागी. डोळा लावला. कोपऱ्यातली अक्षरं पांढरी, काळं ते काळं, आणि मधे पाच बाया, पापण्यांसकट.

"सुरू करा, काकू."

जातं घरघरलं. सखुबाईनं सूर लावला, आधी जुनी गाणी, देवाची, कुळाची. मग मान वर करून कौलांकडे पाहिलं आणि नवंच जोडलं,

*कौलावरी माझा भिमा, उन्हाची वाट काढी*
*लेकीच्या हळदीला गं, सूर्य हळद धाडी*

वर बसल्या जागी भिमाजी नाक ओढताना ऐकू आला. बायका हसल्या, हसता हसता त्यांनीही डोळे पुसले. दळलेली हळद उन्हाच्या खांबात तरंगायला लागली होती. मनीषाच्या खिडकीत ती नुसती पांढरी. क्षणभर तिनं दुसरा डोळा उघडला, त्यात पिवळीजर्द. कॅमेरा तिनं हळूहळू वळवत कोपऱ्यापर्यंत नेला. तिथवरही उजेड पोचला होता. सखुबाई तिच्याकडेच बघत होती.

*पाहुणी आली दारी, एक डोळा झाकी*
*माझ्या गं लेकीबाळी, डबीत भरून राखी*

मनीषाचा खांदा हलला. पण चित्र हलू दिलं नाही.

संध्याकाळी मखमलाबादला चंदरनं हातपाय धुऊन कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली. मनीषा त्याच्या मागं उभी राहिली; बसवेना. पडद्यावर आधी काळं आलं; काळं तपासायला सुरुवातीला तिनंच लेन्सवर तळहात धरला होता. मग हात निघाला आणि खोली पिवळी झाली. बांगड्या हिरव्या, हळकुंड केशरी, हवेत हळदीचा धूर.

चंदर पुढं सरकून बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भिमाजीवरचं गाणं आलं तेव्हा हसला.

"डीपी जळाली म्हणत होतीस ना? लाइट कुणी धरली?"

"नवरीच्या बापानं. घराची कौलं काढून."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस त्यांना? कौलं काढा म्हणून?"

"मी एवढंच सांगितलं, की मला दिसत नाही."

चंदर पुन्हा पडद्याकडे वळला. कोपऱ्यातली सखुबाई गात होती. सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. त्यानं कॅसेट थोडी मागं घेतली आणि ते परत पाहिलं.

"उद्या लग्नाला दोन्ही बॅटऱ्या भरून ने," तो म्हणाला. "अन् सिन्नरवाल्याचा नंबर त्या वहीत असेल बघ. त्याला कळवून टाकतो, कॅमेरा घरातच लागतोय म्हणावं."

मनीषानं वही शोधली नाही. आधी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.