चाकाच्या खालच्या अंगाला

दाराच्या पितळी मुठी चकाकवायचं मशीन थोरल्या लेकीने स्वतः चार बोल्ट आवळून बाकावर पक्कं बसवलं होतं. चाक मोकळं फिरवून पाहिलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, तेवढ्यात बाबा आले. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस! हातमोज्यांसकट थेट फिरत्या चाकापुढे उभे.

"बाबा, मोजे काढा. चाकात अडकले तर हात ओढला जाईल. आणि मूठ वर नको, चाकाच्या खालच्या अंगाला धरा."

"मला शिकवतेस?" त्यांनी मोजे काढून आपटले, पण मूठ वरच टेकवली.

चाकाने ती हिसकावली आणि त्यांच्या कमरेजवळून सणसणत मागच्या कपाटावर फेकली. लेकीने धावत बटण बंद केलं.

"मशीनच वाकडं बसवलंयस," बाबा म्हणाले.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चष्मा काढून ठेवून ती पाणी प्यायला बाहेर गेली. परतली तर बाबा तिचाच चष्मा लावून, उघड्या हातांनी, मूठ खाली धरून घासत होते.

"बघ, अशी धरायची," ते म्हणाले, "खालच्या अंगाला. तुला कोणी शिकवलंच नाही!"

तिने दातओठ खात पुढची मूठ त्यांच्या हातात दिली.