चाळणीचं डफडं

सुधाकरराव हेडमास्तर कौतुक करू लागले की जयवंता सावध व्हायची. तेलंगणातल्या मुधोळकडच्या त्या खेड्यात बौद्ध वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली ती पहिलीच. त्यामुळे तिचं कौतुक फार व्हायचं, आणि दर कौतुकाला मागं एक शेपूट असायचं.

सव्वीस जानेवारीसाठी तिनं पोरांकडून वाद्यं करवून घेतली होती. ज्वारीच्या धांड्याची साल सोडवून तिच्याच तारा केलेल्या किंगऱ्या, पपईच्या देठाच्या पिपाण्या, डब्यात खडे घालून खुळखुळे. वस्तीतल्या पंचफुलानं मात्र मोडक्या चाळणीचं कडं आणलं, त्यावर सिमेंटच्या पिशवीचा कागद ताणून खळीनं चिकटवला आणि उन्हात कडक वाळवला. पोर काटकुळी, पण तिनं टिपरू मारलं आणि शाळा दणाणली.

"बाई, हे रक्तातच असावं लागतं," सुधाकरराव खुशीत म्हणाले. "पुढच्या महिन्यात यशवंतराव पाटलांकडं लग्न आहे. हिला तिथं वाजवायला पाठवू. पाहुण्यांना गंमत वाटेल."

जयवंता हसली. हसावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिच्या बापानं, देवाजीनं, याच पाटलांच्या दारात अर्धं आयुष्य डफडं वाजवलं होतं, चपला काढून, उरल्यासुरल्या अन्नासाठी. दीक्षा घेतली तेव्हा त्यानं ते गोदावरीत सोडलं. मग त्यांच्या घरात कुणी ताटावर बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

आता नाही म्हणावं, तर 'बाई, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते' हे ऐकायचं आणि वर बदली थेट बेज्जूरच्या जंगलात. हो म्हणावं, तर बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? जयवंता पुरती कात्रीत सापडली. आणि माणूस कात्रीत सापडलं की आपल्याहून लहान असेल त्यालाच आधी कापतं. तिनं पंचफुलाचं डफडं काढून घेतलं आणि तिच्या हातात खुळखुळा दिला.

"मले काऊन नाई, बाई? म्याच तं केलं."

"आवाज फार होतो त्याचा," जयवंता म्हणाली. पोर खुळखुळा न वाजवता घरी गेली.

संध्याकाळी देवाजीला ते डफडं कोनाड्यात दिसलं. आता म्हातारा भडकणार म्हणून जयवंतानं सगळं एका दमात सांगून टाकलं. तो भडकला नाही. कागदावरून तळवा फिरवत राहिला.

"म्या मायं डफडं माया हातानं सोडलं, जया," तो म्हणाला. "या पोरीचं तं तू हिसकून आनलं. वाजवू दे तिले. कोनाच्या दारात वाजवाचं नाई, तेवढं तू सांभाळ."

झेंडावंदनाला पंचफुलानं असं वाजवलं की पोरं रांग सोडून नाचली. खुर्चीवर बसलेल्या यशवंतरावांनी मान डोलावली. "काय पोरी, आमच्या घरच्या लग्नाला येशील ना?"

पंचफुलाचा चेहरा फुलला. "बाई, जाऊ?"

सगळी माणसं जयवंताकडं बघू लागली. सुधाकरराव डोळ्यांनी 'हो म्हणा' म्हणत होते.

"जाऊ की," ती म्हणाली. "तू आणि मी, दोघी जाऊ. पंगतीत जेवायला."

एकदोघे हसले, मग खाली बघू लागले. यशवंतरावांनी चहाची बशी तोंडाला लावली. सुधाकरराव झेंड्याची दोरी उगाच नीट करू लागले.

त्यानंतर पंचफुला रोज विचारायची, "बाई, लगन कवा हाय?" जयवंता काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. बदलीचा हुकूम अजून आला नव्हता. पाटलांची पत्रिकाही आली नाही.

लग्नाच्या दिवशी नांदेडचा बँड वाजू लागला तेव्हा जयवंतानं दार लावून घेतलं. देवाजी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. थोड्या वेळानं कडी वाजली. दारात पंचफुला उभी होती. फ्रॉक धुतलेला, केसांना चापून तेल, दोन्ही हात मोकळे.

"डफडं नाई आनलं, बाई," ती म्हणाली. "जेवाले जायाचं हाय ना."