डाव्या पायाचा माणूस

परशुरामाने चेंडू डाव्या पायावर झेलला, ओल्या वाळूवर दोघांना चुकवलं आणि मान वर न करता मारला. गोल म्हणून रोवलेल्या दोन वल्ह्यांमधून चेंडू थेट पाण्यात गेला. रापणीचं जाळं ओढून दमलेली शिरोड्याची माणसं बसल्या जागेवरून ओरडली.

गंगाराम पालथ्या घातलेल्या होडीवर बसून बघत होता. त्याचा डावा पाय समोर सरळ पसरलेला होता. तो आता दुमडत नसे. आपल्या बायकोचा धाकटा भाऊ इतका चांगला खेळतो, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने नजर फिरवली आणि पायावरची वाळू झटकू लागला. जसा माणूस शोधायला तो आला होता, तसाच हा होता.

सात वर्षं गंगाराम मुंबईच्या एका गिरणीच्या संघातून खेळला होता. संघ लीगच्या दुसऱ्या वर्गात होता. कागदावर तिथे कुणी खेळाडू नसे. अकराही जण साचेखात्यातले, म्हणजे मागावरचे, कामगार म्हणून हजेरीपटावर लागलेले. सकाळी माग सांभाळायचा, दोनला फाटकातून सुटून मैदानावर जायचं. वर्गातले पहिले दोन संघ वर चढत, शेवटचे दोन खाली उतरत. वर जायची आशा असली की मालक गाडीतून सामना बघायला येत. संघ घसरू लागला की साहेबांना आठवे, या अकरा जणांना धड माग चालवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात दोन सामने उरले असताना गंगारामाच्या गुडघ्यावर समोरच्या गड्याचा बूट बसला. डाव्या बगलेला खेळणारा दुसरा माणूस संघात नव्हता. दोन्ही सामने हरले. संघ तिसऱ्या वर्गात उतरला.

लेबर ऑफिसरने त्याला खुर्ची दिली, म्हणजे बातमी वाईट होती.

"एक वर्ष बघणार. संघ वर आला नाही तर बंद," ते म्हणाले. "तुमच्या किनाऱ्यावर पोरं खेळतात ना? तुझ्या जागी डाव्या पायाचा माणूस आण. तुला साचेखात्यात कायम करतो. नाही मिळाला, तर जूनमध्ये फाटकावर येऊ नकोस."

हे गंगारामाने फक्त रुक्मिणीला सांगितलं होतं. परशुरामाचं नाव त्याने घेतलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं, भाताचा टोप उतरवला, आणि चार दिवसांनी आईला बघून येते म्हणून ती माहेरी निघून आली. तिच्या मागोमाग आठवड्याने तो आला.

खेळ संपल्यावर सगळे घरी आले. सासरा धोंडू तांडेल पडवीत जाळं विणत होता. परशुराम त्याचा एकुलता एक मुलगा. गंगारामाने गिरणीचा फॉर्म पुढे ठेवला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटसुलट करून बघितला.

"कामाक लावतले, आणि वर खेळूक दितले?"

"होय."

"माका एकच भय आसा," धोंडू म्हणाला. त्याची नजर गंगारामाच्या पायावर होती. "तुझो पाय मशीनच्या पट्ट्यात गावलो. रुक्मिणीन सांगल्यान. ह्येका मशीनकडे नको धाडू. फुटबॉलान तसा काय होणा नाय मां?"

गंगारामाने दचकून आतल्या दाराकडे पाहिलं. रुक्मिणी विळीवर बांगडे कापत होती. तिचा हात थांबला नाही.

"फुटबॉलान काय होता?" ती आतूनच म्हणाली. "वाळयेत खेळता, तसोच थंय खेळतलो."

गंगाराम काहीतरी बोलणार होता. सासूने, जानकीने, चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि ती म्हणाली, "तुम्ही आसात तर माका घोर नाय." त्याने चहा प्यायला. चहा फार गरम होता, तरी तो निवायची त्याने वाट पाहिली नाही.

पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायला चार दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी ते वेंगुर्ल्याला आगबोट पकडायला गेले. रुक्मिणी पोचवायला आली होती. ती पावसाळाभर शिरोड्यालाच राहणार होती. परशुराम नसताना म्हाताऱ्यांच्या हाताशी कुणीतरी हवं होतं. आगबोटीपर्यंत नेणारा पडाव सुटेपर्यंत ती नवऱ्याशीच बोलत राहिली. पोहे वरच आहेत, औषधाची बाटली आडवी ठेवू नका. भावाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पडाव हलला तेव्हा ती पाठमोरी होऊन चालू लागली होती.

आगबोटीवर डेकवरच्या गर्दीत दोघांना कठड्याजवळ जागा मिळाली. मालवणला बोट थांबणार होती. तिथून मागे फिरता येण्यासारखं होतं. गंगारामाने आदल्या दिवसापासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते बाहेर येताना मोडलं.

"परशुराम, मालवणाक उतर. भाड्याक देतंय. घराक जा."

"कित्याक?"

"माझो पाय पट्ट्यात नाय गावलो."

"माका म्हायत आसा," परशुराम म्हणाला.

गंगाराम त्याच्याकडे वळला.

"तायन माका सगळा सांगल्यान. गुडघ्याचा, सायबाचा. मी नाय गेलंय तर तुमका काढतले, ता पण." तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होता. "बाबाक सांगू नको म्हणाली. मी आधी नाय म्हटलंय, भावोजी. रापणीक कोण जातलो? तर ती पाया पडली. माझ्या. थोरली भैण."

बोटीच्या बाजूने कुणीतरी उलटी करत होतं. एक बाई आपल्या पोराला दटावत होती. गंगारामाने खिशातला फॉर्म चाचपला. परशुरामाची सही त्याच्यावर होती, ठळक, शाळेत शिकवतात तशी. फॉर्म पातळ कागदाचा होता. समुद्रावर वारा होता. त्याने खिशावरून हात काढला आणि पायावर ठेवला.

मालवणचा किल्ला दिसू लागला, तशी उतरणारी माणसं बोचकी डोक्यावर घेऊन उभी राहिली. पडाव बोटीला लागले. परशुराम उठला नाही. खालून पडाववाले हाका मारत होते, आणि त्या हाका थांबेपर्यंत दोघे आपापल्या पायांकडे बघत बसले.

भोंगा झाला. किल्ला मागे सरकू लागला.

किल्ला दिसेनासा झाला तेव्हा गंगाराम म्हणाला, "परळाक गेल्यावर पयलो गिरणीचो डॉक्टर बघतलो. दोन्ही गुडघे दाबतलो. तेव्हा हसाचा."

"माका काय दुखना नाय."

"आता नाय दुखना," गंगाराम म्हणाला. "तरी सवय कर."

परशुरामाने पाय लांब केला, आणि गंगारामाने त्याचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी जोरात दाबला.

परशुराम हसला.