मंगळवारच्या खोलीतला पांगुळगाडा

मी एक जुना पांगुळगाडा आहे. मित्रांनो, तुमच्यातले काही जण मला धरूनच चालायला शिकले, पण ते तुम्हाला आठवणार नाही. तशी माझी अपेक्षाही नाही. मला गोष्ट नीट सांगता येते असं मला कधी वाटलं नाही, आणि रागावून सांगितलेली गोष्ट तर बहुधा बिघडतेच. तरी आज सांगतो, कारण मी फार रागावलो आहे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी सकाळी लहान मुलांचा खेळगट भरतो. रांगणारी, धडपडणारी बाळं येतात, त्यांच्या आया येतात, क्वचित एखादा बाबाही, आणि धाकट्या भावंडांबरोबर तुम्हीही. या गटासाठीच एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी मला घडवलं. तीन चाकं, वर एक आडवा दांडा, आणि घासून घासून गोल केलेले कोपरे. प्रत्येक चाकाच्या आत त्यांनी मुद्दाम चामड्याची चकती बसवली. त्यामुळे माझी चाकं जड फिरत आणि कुरकुरत. "बाळानं ढकललं, तेवढंच हलायचं. उगाच पुढं पुढं करायचं नाही," असं त्यांनी मला दटावून सांगितलं होतं.

नऊ वर्षं मी ते पाळलं. दात येणाऱ्या बाळांनी माझा दांडा कुरतडला, त्याच्या खुणा अजून आहेत. एखादं बाळ मला सोडून दोन पावलं टाकी, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत आणि कुणीतरी माझ्याही पाठीवर थाप मारून म्हणे, "गुणाचा आहे हो गाडा!" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग गट चालवायला नव्या बाई आल्या. सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणत. त्यांनी भिंतीवर एक लांबलचक कागद चिकटवला. बाळ चालू लागलं की त्याचं पाऊल रंगात बुडवून त्या कागदावर उमटवायचं आणि खाली लिहायचं, कितव्या महिन्यात चाललं. कल्पना वाईट नव्हती. पण थोड्याच दिवसांत आया बाळांकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघू लागल्या. "आमचा अकराव्यातच चालला हं." "आमची तर दहाव्यात. काय करणार, थांबतच नाही मेली!" मग माझी कुरकुर सगळ्यांना खुपायला लागली. "किती रखडतो हा!" म्हणत मोठ्या ताईंनी माझ्या चकत्या काढून टाकल्या आणि चाकांत तेल घातलं. मी इतका हलका झालो की मला माझीच भीती वाटू लागली.

अशात एका मंगळवारी एक नवी आई आली. कडेवर सतरा महिन्यांचा गुंड्या. दाराशी चपला काढून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. बाकीच्या आया गोल करून बसल्या होत्या. एकही सरकली नाही. शेवटी ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. गुंड्या माझं चाक फिरवत स्वतःशीच हसत होता.

"केवढ्याचा आहे?" जुळ्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या एका आईनं लांबूनच विचारलं.

"सतरा महिन्यांचा."

"आणि अजून रांगतोय?"

"डॉक्टर म्हणाले, चालेल. घाई नाही."

"डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! तुम्ही फार कडेवर घेत असाल."

"आणा इकडे," मोठ्या ताई उठल्या. "आज याचं पाऊल उमटवूनच पाठवते."

"नको ताई, त्याला अजून तोल..."

"अहो, घाबरता काय! अशी किती चालवलीत मी."

त्यांनी गुंड्याला उचललं, माझ्यापाशी उभं केलं आणि हात सोडला. दोन ओल्या मुठी माझ्या दांड्यावर घट्ट बसल्या. तो पुढे झुकला. मी थांबायचा आटोकाट प्रयत्न केला, मित्रांनो, पण मी सुटलोच. गुंड्या तोंडावर आपटला. त्याचा ओठ फुटला.

त्याच्या आईनं त्याला उचलून घेतलं. पदरानं त्याचा ओठ पुसत ती म्हणाली, "याला चालता येत नाही, हे मला माहीत होतं. चालायला शिकवायला मी आलेच नव्हते. आम्ही इथं नवे आहोत. हे सकाळी सातला जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर मी एकाही मोठ्या माणसाशी बोलत नाही. म्हणून आले होते."

ती गेली. जुळ्यांची आई म्हणाली, "काही जणी फारच मनाला लावून घेतात बाई." आणि मोठ्या ताई म्हणाल्या, "त्या गाड्याचाच दोष. खटारा झालाय, टाका उचलून."

दोष माझा? असेलही थोडा. चाकं माझीच होती. पण तेल कुणी घातलं? बाळाला कुणी उभं केलं? आणि एक बाई सांगते की मी दिवसभर कुणाशी बोलत नाही, तर दहा जणींपैकी एकीलाही तिला पाण्याचा पेला द्यावासा वाटू नये? लाकडाला राग येत नाही असं म्हणतात. म्हणोत बापडे.

आता मी शेजारच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर पडून आहे. इथल्या खिडकीतून बाहेरचं फाटक दिसतं. गेले तीन मंगळवार ती आई गुंड्याला घेऊन तिथवर येते. फाटकाचा गज धरून आतली गाणी ऐकते. तोही टाळ्या वाजवतो. मग ती मागं फिरते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझी धूळसुद्धा पुसू नका, ते मागाहून बघू. आज मंगळवार आहे. आत गाणं सुरू झालं आहे, आणि ती आत्ता फाटकाशी येऊन उभी राहिली आहे. मोठ्यांना ती दिसणार नाही, ते तिच्याकडे पाठ करून बसले आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो. आधी सरकून दोघांपुरती जागा करा. मग धावत जा आणि म्हणा, काकू, आत या.

अजून उठला नाहीत?