रविराजची बोलणारी गाडी

गुरुवारी दिवस कलला की रंगनाथच्या वस्तीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. घोडेगावच्या बाजारासाठी जनावरं घेऊन मुक्कामाला आलेले लोक वाट वाकडी करून तिथं येत. त्या गुरुवारी तर थेट अकोल्याहून दोन जीप भरून माणसं आली होती. सगळ्यांच्या नजरा पत्र्याच्या शेडमधल्या एका पांढऱ्या गाडीवर खिळलेल्या. गाडी पंधरा वर्षं जुनी, डाव्या दाराला पोचा आलेला. बॉनेटवर झेंडूचा हार होता, काचेवर भंडारा उधळलेला. ही गाडी मेलेल्या माणसाच्या वतीनं उत्तरं देते, अशी तिची ख्याती महिन्याभरात तीन तालुक्यांत पोचली होती.

मेलेला माणूस म्हणजे रंगनाथचा एकुलता मुलगा रविराज. जनावरांना टोचायला, गायी भरवायला म्हणजे कृत्रिम रेतनाला तो ह्याच गाडीतून गावोगाव फिरायचा. विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून गेला, तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

त्याची बायको अश्विनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. शेडमध्ये यायची तिला बंदी होती. फक्त सुरुवातीला एकदा तिला बोलावलं जाई, आणि त्या क्षणाची तिला गुरुवार उजाडल्यापासून धास्ती असे.

"सूनबाई, पुढं या," रविराजच्या आत्म्याला गाडीत बोलावणारा मठातला रंभाजी भगत म्हणाला. "दाबा बटन."

किल्लीच्या जुडग्यात गाडीचा काळा रिमोट होता. अश्विनीनं बटण दाबलं. रिमोटवरचा बारीक लाल दिवा लागला, पण गाडी ढिम्म. तिनं पुन्हा दाबलं. काही नाही.

"बघा मंडळी," भगत म्हणाला. "नवऱ्यानं बायकोच्या हाताला गाडी बंद केली. का केली, ते त्यालाच ठावं. आमी काय बोलायचं?"

बोलायची गरजही नव्हती. रविराजला मोटर चालू करायला अश्विनीनंच फोन करून सांगितलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मग भगतानं काखेतली भंडाऱ्याची पिशवी पोटाशी घेतली आणि तिच्यात उजवा हात घातला. त्याची भाषा अर्धी देवाची, अर्धी मोबाईलच्या दुकानातली. "गप ऱ्हावा सगळे. वरच्या लोकात रेंज कमी हाय. गलका केला की लाईन तुटती. रविराजा, आईच्या हाकंला ओ दे. व्हय आसंल तर दोनदा डोळे मिचकाव, न्हाई आसंल तर येकदा."

लंकाबाई पुढं झाली. मुलगा गेल्यापासून ती माऊली निम्मी झाली होती. ती गाडीच्या दिव्याशी वाकून, पोराच्या कानात बोलावं तसं बोलली. "रवी, बाळा, तू हायेस का रं इथं?"

खट्. चारी कोपऱ्यांचे पिवळे दिवे दोनदा लागले आणि विझले. गर्दीतून हुंकार उठला. लंकाबाईनं पदर तोंडात धरला. अर्ध्या मिनिटानं पुन्हा खट् झालं आणि दिवे एकदा लागले.

"उत्तर दिलं आन् आत जाऊन दार लावून घेतलं," भगतानं समजावलं. त्यानं पिशवीतला हात काढून मूठभर भंडारा गाडीवर उधळला आणि हात पुन्हा आत घातला.

त्या दिवशी लंकाबाईनं आणखी एक प्रश्न विचारला. रंगनाथला बारा वर्षांची साखर. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. पोटावर टोचून टोचून गाठी आल्या होत्या.

"रवी, तुझ्या बापाच्या सुया चालू ठिवू का?"

दिवे एकदाच लागले. न्हाई.

"आई, असं नका करू," अश्विनी उंबऱ्यातून म्हणाली. "डॉक्टरांना तरी विचारू."

लंकाबाईनं वळूनही पाहिलं नाही. "माझा रवी सांगतोय. तुझं ऐकून काय झालं, ते बघितलं आमी."

अश्विनी स्वयंपाकघरात परत गेली. कारण रात्रंदिवस ती स्वतःलाही हेच सांगत होती. आपण फोन केला नसता तर? गाडी आपल्या हातानं उघडत नाही, हे तिनं मनातून अर्धंअधिक खरं मानलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात तिनं घोडेगावातून रिमोटचा नवा सेल आणून घातला होता. फरक पडला नव्हता.

सुया बंद झाल्या. रंगनाथनं हूं की चूं केलं नाही. पोराचा शब्द म्हणून भगताचा अंगारा पाण्यातून घेत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चीर पडली. आठ दिवसांत अंगठा काळा झाला. सोमवारी सकाळी अश्विनी चहा घेऊन गेली तेव्हा खोलीत कुजल्यासारखा वास होता आणि सासरे तिला रविराज समजून बोलत होते.

"आई, यांना आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला पाहिजे."

"भगताला निरोप धाड."

"रुग्णवाहिकेला दोनदा फोन केला. तासभर लागेल म्हणतात."

दारात गाडी उभी होती. भगताची सक्त ताकीद होती: गाडीला लोखंड लावायचं नाही, म्हणजे किल्ली घालायची नाही. अश्विनीनं रिमोट दाबलासुद्धा नाही. सरळ किल्ली दाराच्या भोकात घालून फिरवली. दार उघडलं. तिनं झेंडूचा वाळका हार बॉनेटवरून काढून टाकला, शेजाऱ्यांच्या मदतीनं सासऱ्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि चावी फिरवली. गाडी दुसऱ्या प्रयत्नाला चालू झाली. लंकाबाई मागं बसली. नगर येईपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "लोखंड लावलंस. लोखंड लावलंस."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "इन्शुलिन कुणी बंद केलं?"

मंगळवारी रंगनाथचा पाय गुडघ्याखालून कापला. विष अंगात पसरलंय, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बुधवारी नणंद निकिता पुण्याहून आली. तिला खाटेशी बसवून अश्विनी औषधं आणायला बाहेर पडली. औषधं घेऊन गाडीकडे आली आणि सवयीनं रिमोट दाबून बसली. लाल दिवा लागला, गाडी गप्प. तिच्या मनात आलं, किल्लीला ही गाडी मुकाट्यानं उघडते. मुकाट्यानं चालते. रविराज रागावलाच असेल तर फक्त रिमोटवरच का रागावेल?

औषधाच्या दुकानदारानं केडगावचा पत्ता दिला. पुणे रस्त्याला सत्यशीला नावाच्या बाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं आणि चाव्यांचं दुकान होतं. पन्नाशीच्या सत्यशीलाबाई एका टेम्पोच्या डॅशबोर्डाखालून बाहेर आल्या, हात पुसले आणि रिमोट घेतला.

"सेल बदललाय?"

"बदलला, ताई. नवाच आहे."

बाईंनी तरी सेल काढून मीटरवर मोजला. चांगला होता. रिमोट उघडला, आतल्या पट्टीवरची धूळ ब्रशनं झटकली, बटणाखालचं रबर तपासलं. मग रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या एका छोट्या यंत्राजवळ धरून बटण दाबलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"रिमोट ठणठणीत आहे. हाक मारतोय. गाडीच ओळखत नाहीये."

अश्विनीनं विचारलं, "म्हणजे ते खरंच आहे?"

"काय खरं आहे?"

तिनं सगळं सांगितलं. रडली नाही, सलग सांगून टाकलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "गाडी मधे कुणाकडे होती का?"

"भगताकडे. शुद्धीला म्हणून मठात नेली होती दोन दिवस. किल्लीसकट."

"आणि रिमोट?"

"तो तेव्हा जुडग्यातून काढलेला होता, घरीच. रविराजच्या फोटोपुढं ठेवला होता आईंनी."

सत्यशीलाबाईंनी स्टूल ओढून तिला बसवलं. "ऐक. गाडीला आपले रिमोट लक्षात ठेवायला शिकवावं लागतं. दार उघडं ठेवून किल्ली ठरावीक वेळा चालू-बंद करायची आणि रिमोटचं बटण दाबायचं. गाडी खट् करते, म्हणजे शिकली. ह्या जुन्या मॉडेलमध्ये नव्यानं शिकवायला घेतलं की आधीचे सगळे पुसले जातात. जेवढे रिमोट समोर आहेत तेवढेच राहतात. तुझा घरी होता, म्हणून पुसला गेला. ज्यानं शिकवलं, त्याच्याकडे दुसरा रिमोट आहे."

"आणि ते दोनदा, एकदा दिवे लागणं?"

"उघडलं की दोनदा, लावलं की एकदा. तुमची गाडी पहिल्यापासून तशीच करते ना?"

करत होती. दार उघडून कुणी बसलं नाही तर अर्ध्या मिनिटानं स्वतःच पुन्हा लॉक व्हायची. रविराज त्यावरून तिला चिडवायचाही. हे सगळं तिला ठाऊक होतं. दोन महिने डोळ्यांसमोर होत होतं आणि तिला एकदाही आठवलं नव्हतं.

"मला कसं नाही कळलं, ताई?"

"दुःखात माणसाला सुचत नाही. त्याला तेच तर पाहिजे होतं." बाईंनी दहा मिनिटांत तोच रिमोट गाडीला पुन्हा शिकवला. "आता तुझाच चालेल. त्याचा पुसला गेला. उद्या गुरुवार ना? एकटी जाऊ नकोस. मी येते. आणि आधी पोलीस चौकीत जाऊ."

गुरुवारी वस्तीवर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. भगतानं निरोप फिरवला होता: लोखंड लावलं म्हणून रंगनाथचा पाय गेला, आज न्याय होणार. लंकाबाईलाही दवाखान्यातून बोलावून घेतलं होतं. अश्विनीनं गाडी शेडमध्ये लावली आणि खाली उतरली. सत्यशीलाबाई आणि साध्या कपड्यांतले दोन पोलीस गर्दीत मिसळले.

भगतानं पिशवी पोटाशी घेतली. "रविराजा, सांग सगळ्यांम्होरं. बापाचा पाय हिनं घालवला का?"

पिशवीतला हात हलला. गाडी गप्प.

"रेंज न्हाई. मागं सरका मंडळी." पुन्हा हात हलला. पुन्हा काही नाही. भगताच्या कपाळावर घाम आला. "आत्मा रागावलाय."

सत्यशीलाबाई पुढं झाल्या. हातातलं यंत्र त्यांनी पिशवीजवळ धरलं. "महाराज, पुन्हा विचारा."

"तुमी कोन बाई?"

"विचारा तर."

मागून कुणीतरी म्हणालं, "इचारा की बाबा." भगतानं विचारलं, आणि त्याच्या बोटानं सवयीनं आपलं काम केलं. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. पुढच्या ओळीतल्या सगळ्यांना तो दिसला.

पोलिसानं पिशवी घेऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथी केली. हळदीच्या ढिगातून प्लास्टिकच्या पुडीत बांधलेला काळा रिमोट निघाला.

अश्विनीनं आपला रिमोट सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "मी आता बटण दाबते. बघा." दिवे दोनदा लागले. "हे मी केलं. रविराजनं नाही. आणि ह्याच्या आधी जे झालं, ते ह्यानं केलं. गाडीला प्रश्न कळत नाही. तिला फक्त बटण कळतं."

ह्याही गुरुवारी अकोल्याहून आलेली माणसं जीपकडे निघाली. कुणी भगताच्या अंगावर धावून गेलं, त्यांना पोलिसांनी अडवलं. लंकाबाई मात्र हळदीच्या ढिगाशी खाली बसली होती.

"अश्विनी," ती म्हणाली. "मग तो माझ्याशी येकदाबी बोलला न्हाई?"

"नाही, आई."

"मी रोज रातीला त्याला झोप म्हनून सांगायची."

अश्विनी तिच्याशेजारी बसली.

रंगनाथ शनिवारी पहाटे गेला. विष रक्तात भिनलं होतं. भगताच्या चेल्यानं शहरातल्या कुठल्याशा गॅरेजातून जुना रिमोट आणून मठातच गाडीला शिकवल्याचं कबूल केलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली नोंदवलेला गुन्हा कोर्टात टिकायचा तर घरच्या माणसाचा जबाब लागत होता. दहावा झाला तसं भावकीतले दोघेतिघे येऊन म्हणाले, झालं ते झालं, घराण्याचं नाव कशाला चौकीत न्यायचं? दुसऱ्या दिवशी लंकाबाईच अश्विनीला म्हणाली, "चल."

चौकीत हवालदारानं विचारलं, "औषध भगतानं बंद केलं?"

"त्यानं सांगितलं," लंकाबाई म्हणाली. "पन सुया उकिरड्यात टाकल्या त्या मी, ह्या हातानं. ही नको म्हनत हुती. ते बी लिवा."

हवालदार थांबला. "मावशी, एवढं कशाला लिहायचं?"

"लिवा. न्हाई लिवलं तर बायका म्हन्तील, भगत खोटा निघाला, आता खरा हुडकू. माझ्या मालकाला भगतानं येकट्यानं मारलं न्हाई. डाक्टरला इचारायचं सोडून मी गाडीला इचारलं. कुनी मेल्याचा निरोप सांगत आला तर त्याची पिशवी आधी बघा, आन् औषध डाक्टरला इचारल्याबिगर सोडू नका. हे माझ्या नावानं लिवा."

हवालदारानं लिहिलं, मग वाचून दाखवलं. लंकाबाईला सही येत नव्हती. अश्विनीनं शाईचा पॅड पुढं सरकवला आणि सासूचा अंगठा धरून कागदावर नीट टेकवला.