घडीभराचा जीव

"बॉम्ब मी नाही बनवला," सहदेव माइकसमोर म्हणाला, आणि वडनेर भोलजीच्या शाळेपुढच्या मंडपात टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

देशाने वाळवंटात अणुस्फोट केल्याचे रेडिओवर आले, तेव्हाच गावाने परस्पर ठरवून टाकले होते की बॉम्ब दयारामच्या सहदेवनेच केला. पोरगा मुंबईच्या अणुकेंद्रात होता, गावाला तेवढे पुरे झाले. ज्यांनी दयारामला कधी ओसरीवर बस म्हटले नाही, त्यांनी आज त्याला पुढची खुर्ची दिली होती. पोराने गप्प राहून हार घालून घेतला असता, तर काय बिघडले असते? पण गप्प बसेल तो सहदेव कसला!

"मंग तू तिथं करून तरी काय राह्यला?" सरपंच उत्तमरावांनी विचारले.

"काका, अणूच्या पोटात गाभा असते. काही गाभे टिकतच नाहीत, पापनी लवाच्या आत मोडतात. जाता जाता किरण सोडतात, त्याच्यावरून आमी त्यायचा आकार काढतो. एखांदा गोल असते, एखांदा काकडीवानी लांबट."

"अन् त्याचा उपेग?"

"आज तं काहीच नाही."

हशा पिकला. "जे जगतच नाही, त्याचा आकार पाहून काय करतं बे?" उत्तमराव म्हणाले. दयारामची मान खाली गेली.

लेकाचे हसे झालेले केसरबाईच्या काळजाला लागले. भर सभेत ती जन्मात बोलली नव्हती, पण बायकांतून उठली.

"भाऊ, सहदेवच्या आंधी मले पोरगी झालती. दोन श्वास घेतले अन् गेली. सासू म्हने, जगली नाही तिचं तोंड काय पाहाचं, झाकून टाक. मी पाह्यलं. बोटं, कपाळ, समदं पाह्यलं. जगली नाही म्हनून ती नव्हती काय?"

उत्तमरावांनी हार उचलून सहदेवच्या गळ्यात घातला. आणला होता बॉम्बसाठी, पण चालून गेला.

खोटा मान झिडकारायला छाती लागते, आणि ती आपल्या पोराला आहे, या अभिमानाने केसरबाईचे मन भरून आले.

घरी जाताना दयाराम तिच्या बरोबरीने चालत होता. एरवी तो पुढे निघून जायचा. पोरगी गेली त्या दिवशी तो अंगणात पाठ करून बसला होता, आणि पुढे त्या पोरीचा विषय त्याने कधी काढला नव्हता. लिंबाखाली तो थांबला.

"अवं," तो हळूच म्हणाला, "नाक कोनावर गेलतं तिचं?"