कुजकी कोणाला म्हणतोस?

मित्रांनो, माझ्यावर जी चिंध्यांची पट्टी गुंडाळल्यासारखी दिसते ना, ती जखम आहे. तिच्याकडे बोट दाखवून हसू नका. मी एक वय झालेली डोलकाठी आहे आणि मला राग लवकर येतो.

पाण्यावर तरंगणारी लांब फळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर एकच शीड असतं, माणूस ते धरून उभा राहतो आणि वाऱ्यावर पळतो. त्या शिडाच्या कडेच्या खोळीत मी असते. काचेच्या धाग्यांची आणि राळेची मी, दोन तुकड्यांत जन्मले. वरचा तुकडा खालच्यात बसवायचा, की झाले मी पूर्ण! मात्र बसवण्याआधी सांध्यावरची वाळू पुसायची. एवढं एकच माझं मागणं.

मला विकत आणणाऱ्याला सगळे दादा म्हणायचे. सुरुवातीला त्याने माझं काय कौतुक केलं! किनाऱ्यावर मला खांद्यावर घेऊन मिरवायचा. पण वाळू? छे! फडकं फिरवायला साहेबांना कमीपणा वाटायचा. व्हायचं तेच झालं. एके दिवशी माझे दोन तुकडे एकमेकांत घट्ट अडकले. दोघांनी दोन टोकं धरून हळूच पिळलं असतं तर मी सुटले असते. दादाने हातोडा आणला. सांध्याजवळ घाव बसले आणि मला आतून तडा गेला.

पुढच्याच वाऱ्यात मी पाण्यात मोडले. दादा पोहत आला आणि चारचौघांत म्हणाला, "कुजकी निघाली काठी!"

कुजकी? कुजायला मी काय लाकडाची आहे? त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मग अंगणात दोन खुंट्यांवर माझे तुकडे आडवे टाकले आणि माझ्यावर कपडे वाळत पडू लागले. दादाचे ओले मोजे माझ्या अंगावर ठिबकत राहायचे. मित्रांनो, मी एकेक थेंब लक्षात ठेवला.

मला तिथून उचललं ते त्याच्या धाकट्या बहिणीने. घरात तिला चिमी म्हणत. किनाऱ्यावरच्या क्लबात ही शिडाची फळी चालवायला शिकवण्याची नोकरी तिला हवी होती. त्यासाठी पाण्यावर परीक्षा द्यायची होती आणि फळी, शीड, काठी स्वतःची आणायची होती. फळी आणि लहानसं शीड तिने मागून जमवलं. नवी काठी घेणं तिला परवडत नव्हतं.

तिने माझा फुटका भाग कापून टाकला. भंगारातल्या दुसऱ्या काठीची बारीक नळी माझ्या पोटात सरकवली, राळ भरली, काचेच्या कापडाच्या पट्ट्या राळेत भिजवून गुंडाळल्या. सुकल्यावर शिडाच्या खोळीत जाईपर्यंत घासत बसली. मी वीतभर आखूड झाले, पण तिच्या लहान शिडाला अगदी बेताची.

परीक्षेच्या सकाळी चिमी मला किनाऱ्यावर ठेवून पाण्यातला पोशाख घालायला क्लबाच्या खोलीत गेली. तेवढ्यात दादा आला.

"अरे, ही तर माझीच काठी! बघू तरी चालते का."

त्याने मला आपल्या मोठ्या शिडात घातलं. चिमी बाहेर धावत आली. "दादा, थांब! ती आखूड केलीये. तुझं शीड ताणलं जाणार नाही!"

"मला शिकवतेस?" म्हणत तो पाण्यात गेलासुद्धा.

शीड ढगळ राहिलं. वारा आला तसं त्याचं पोट फुगलं, आणि मी मनात म्हटलं, ये रे वाऱ्या, तुझीच वाट बघत होते. शिडाने दादाला असं ओढलं की तो फळीवरून उडून पुढे तोंडावर आपटला. मोडले मात्र नाही हं मी! हात लावून बघा, आजही धडधाकट आहे.

पण नाकातोंडातलं पाणी शिंकरत तो पुन्हा ओरडला, "कुजकीच आहे ही!"

परीक्षक बाईंनी ते ऐकलं. त्या चिमीला म्हणाल्या, "कुजकी काठी मी पाण्यात नेऊ देणार नाही. परीक्षा नाही होणार."

चिमीचा चेहरा पडला. ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, ती कशाने मोडली होती ते सांग."

"आता कशाला ते उकरून काढतेस?"

"माझी नोकरी जातेय. सांग."

दादा पायाच्या अंगठ्याने वाळू टोकरत पुटपुटला, "हातोडा... मीच मारला होता."

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"मी हातोडा मारला होता! काठी चांगली होती!"

सगळा किनारा वळून बघू लागला. अहाहा! मित्रांनो, तेवढा गोडवा मला कुठल्याच वाऱ्यात मिळाला नव्हता.

बाईंनी मला गुडघ्यावर टेकवून वाकवलं, जोड दाबून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली. चिमी मला घेऊन पाण्यात गेली. मी सगळं बळ लावून ताठ राहिले. नोकरी तिला मिळाली.

मित्रांनो, वस्तू वापरा, झिजवा, मोडलीत तर नीट जोडा. पण आपल्या हातांनी मोडून तिला नावं ठेवू नका. आम्ही विसरत नाही.

दादा आता कधीमधी क्लबात येतो, मला हात लावून म्हणतो, "झालं गेलं विसर गं."

मी त्याच्या हाताला एक बारीक काचेचं कुसळ टोचते.